शाहू महाराजांचं तिमाही पत्रक

मंडळी, कायद्याचा इतिहास म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, गाजलेला खटला. दोन, गाजलेला कायदा. आमचं कोल्हापूरच घ्या. खटला विचाराल तर १८८२ चं ‘कोल्हापूर प्रकरण’. करवीरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातले १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. कायदा विचाराल तर २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी. कोल्हापूरच्या कुठल्याही शाळकरी पोराला हे पाठ असतं.

पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कोण?

म्हणजे, हुकूम निघाला, ठीक. मग त्या जागांवर बसलं कोण? कुठल्या गावचे होते ते, शिकले कुठे, राहिले कुठे, बाप काय करत होता, पुढे कुठवर चढले? कोर्टात मुन्सफ कोण होता, त्याच्या समोरचा वकील कोण आणि दाराशी पुकारा करणारा पट्टेवाला कोण? कायदा कागदावर असतो, पण तो चालवायला माणसं लागतात. ती माणसं बघितल्याशिवाय कायदा खरंच चालला की नुसताच गॅझेटात छापून आला, हे कसं कळणार?

मी काही इतिहासकार नाही. आठवडाभर दुसऱ्यांच्या टेबलांवर क्वेरी मारायच्या आणि शनिवार-रविवारी जुनी पुस्तकं उघडून बसायचं, एवढाच आपला छंद. पण गेले काही वीकेंड हा ‘कोण’ माझ्या डोक्यात बसला आहे. त्याचं कारण असं की इतिहासकार हा प्रश्न जसा सोडवतात ती पद्धत आपल्या धंद्याच्या फार जवळची आहे.

तिला प्रोसोपोग्राफी म्हणतात. नाव भयंकर आहे, मान्य. मराठीत ‘सामूहिक चरित्र’ म्हणूया. कल्पना सोपी आहे. एका मोठ्या माणसाचं पाचशे पानी चरित्र लिहायच्या ऐवजी एका गटातली सगळी माणसं घ्यायची. समजा, एखाद्या कोर्टातले पन्नास वर्षांतले सगळे न्यायाधीश. मग प्रत्येकाला तेच दहा-बारा प्रश्न विचारायचे. जन्म कुठे? शिक्षण? वडिलांचा धंदा? पहिली नोकरी कोणत्या वर्षी? उत्तरं एका तक्त्यात भरायची आणि मग तक्ता उभा, आडवा, तिरका वाचायचा. एकेका माणसाकडे बघून जे दिसत नाही ते पन्नास माणसं एकत्र ठेवली की दिसायला लागतं.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्याकडे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी चरित्रकोश केलेच की! बरोबर. प्राचीन १९३२ मध्ये, मध्ययुगीन १९३७ मध्ये आणि अर्वाचीन १९४६ मध्ये. एका माणसाने हे केलं याचं आजही नवल वाटतं. पण कोशात माणूस अकारविल्हे बसतो. ‘अ’ च्या माणसाचं ‘ह’ च्या माणसाशी नातं काय, हे कोश सांगत नाही. शिवाय कोशात फक्त नाव काढलेली माणसं येतात. तक्त्यात मात्र नाव न काढलेला कारकूनही त्याच मापाची एक ओळ घेतो आणि दिवाणही एकच ओळ घेतो. मला या पद्धतीतलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे!

विलायतेत लुईस नेमियर यांनी १९२९ मध्ये ही पद्धत इंग्लंडच्या अठराव्या शतकातल्या पार्लमेंटला लावली. पक्षांची तत्त्वं काय होती हे विचारण्याऐवजी त्यांनी सभासद एकेक करून तपासले. कोण कुणाचा भाचा, कुणाची जमीन कुठे, कुणाला निवडून कुणी आणलं. तत्त्वांच्या लढाईचं जे चित्र पुस्तकांत होतं त्यातलं बरंचसं उतरलं आणि खाली नातीगोती दिसू लागली.

कायद्याच्या बाबतीत भारतातलं ठळक उदाहरण म्हणजे जॉर्ज गॅडबॉइस. हे अमेरिकन प्राध्यापक. १९८० च्या दशकात इथे येऊन त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना गाठून मुलाखती घेतल्या. निकालांबद्दल थोडं आणि घर, शाळा, वडील, जात, पहिली वकिली याबद्दल बरंच. १९५० ते १९८९ पर्यंतच्या पहिल्या ९३ न्यायमूर्तींचं पुस्तक अखेर २०११ मध्ये निघालं. अनुसूचित जातीतले पहिले न्यायमूर्ती, ए. वरदराजन, तिथे पोचले ते १९८० मध्ये. पहिल्या महिला न्यायमूर्ती, फातिमा बीवी, १९८९ मध्ये. समतेची ग्वाही देणारी राज्यघटना १९५० पासून लागू होती. तिचा अर्थ लावणाऱ्या खुर्च्यांपर्यंत ती समता पोचायला तीस आणि एकोणचाळीस वर्षं लागली. हे घटनेची कलमं वाचून कळत नाही. माणसांची यादी वाचून कळतं.

आता कोल्हापूरला येऊ.

शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. हा आकडा महाराजांवरच्या बहुतेक पुस्तकांत येतो. पण क्षणभर थांबून विचार करा, हा आकडा आला कुठून? कुणीतरी यादी केली, प्रत्येक नावापुढे जात लिहिली आणि मोजलं. म्हणजे सामूहिक चरित्राचा पहिला धडा झालाच की!

आणि १९०२ च्या हुकुमात एक गोष्ट आहे, जिच्याकडे भाषणं करणारे फारसे बघत नाहीत. पन्नास टक्क्यांची ओळ सगळे सांगतात. पण त्याच हुकुमात पुढे असंही म्हटलं आहे की हा हुकूम निघाल्यानंतर केलेल्या सगळ्या नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सरकारला सादर करावं.

तिमाही पत्रक! आपल्या भाषेत सांगायचं तर क्वार्टरली रिपोर्ट. वाचल्यावर मी खुर्चीतून उठलोच. नुसतं ‘करा’ म्हणून सोडून दिलं नाही, ‘केलं का ते दर तीन महिन्यांनी नावानिशी दाखवा’ असं सांगितलं. मोठमोठ्या कंपन्यांचे ठराव वाचले तर त्यांत हे दुसरं वाक्य बऱ्याचदा नसतं. ज्या ठरावात मोजमाप नसतं त्याचं पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो. नाद खुळा, दुसरं काय म्हणणार!

महाराजांना याची गरज का वाटली असावी, याचा एक धागा वसतिगृहांच्या गोष्टीत मिळतो. १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह निघालं. नियमात कुणालाच बंदी नव्हती. पण थोड्याच वर्षांत तिथे व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थीच उरले. नियम वाचला तर दार उघडं, राहणाऱ्या मुलांची यादी वाचली तर बंद. मग १९०१ पासून महाराजांनी वेगळा मार्ग धरला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि अशी बरीच.

आता ही दोन टेबलं शेजारी ठेवा. एकात बोर्डिंगं आणि त्यांची सालं, दुसऱ्यात नेमणुका आणि त्यांची सालं. १९०१ मध्ये बोर्डिंगात आलेला शाळकरी मुलगा मॅट्रिक, बी.ए., एलएल.बी. करून बाहेर पडायला दहाएक वर्षं लागणार. म्हणजे १९०२ चा हुकूम निघाला तेव्हा बोर्डिंगात वाढलेली पिढी अजून शाळेत होती. मग सुरुवातीला जी बहुजन मंडळी दिसतात ती कोण? भास्करराव जाधव, मराठा, कायद्याची पदवी घेतलेले, संस्थानच्या नोकरीत आले आणि १९२० च्या दशकात मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. अण्णासाहेब लठ्ठे, जैन, एम.ए. एलएल.बी., राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक, मग बेळगावात वकील, १९२६ मध्ये कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ ते १९३९ मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री. हे दोघेही बोर्डिंगांच्या आधीचे. स्वतःच्या जोरावर, नाहीतर नशिबाने वर आलेले एकटे-दुकटे. पुढच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी करण्यात अशाच मंडळींचा हात होता.

म्हणून मला वाटतं, १९०२ च्या हुकुमाचा परिणाम १९०३ च्या आकड्यांत शोधू नये. तो १९१२ मध्ये, १९२२ मध्ये शोधावा. कँटीनमध्ये आरक्षणावर वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू कायद्याचं साल धरून भांडतात. ‘इतकी वर्षं झाली, अजून किती?’ किंवा ‘इतकी वर्षं झाली, काय मिळालं?’ पण घड्याळ कायद्याच्या सालापासून सुरू होत नाही. त्या घरातला पहिला पोरगा शाळेत गेला तिथून होतं.

बरं, करायचं ठरवलंच तर हे टेबल बनवायचं कसं? इथे खरी मजा आहे, आणि खरी गोचीसुद्धा.

पहिली गोची, आडनाव. आपल्याकडे नवा माणूस भेटला की ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न ज्या कारणासाठी विचारला जातो ते आपल्याला माहीत आहे. आजकाल काही अभ्यासांत हेच काम मशीनला देतात. लाखो नावं घालायची आणि आडनावावरून जात-धर्म ओळखायला सांगायचं. आमच्या भागात हे मशीन पहिल्याच दिवशी तोंडावर पडेल. पाटील घ्या. कोल्हापूर जिल्ह्यात पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायतही असतो. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जैन, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणारे. मशीनने त्यांना कुठे टाकलं असतं? चौगुले, देसाई यांची तीच गत.

आणि मुळात पाटील, कुलकर्णी, चौगुले, देसाई ही हुद्द्यांची नावं. १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. त्याआधीच्या कागदात ‘अमुक गावचा कुलकर्णी’ असं आलं तर तो हुद्दा आहे की आडनाव की दोन्ही? आणि १९१८ नंतर कुलकर्णी आडनावाचाच माणूस तलाठी झाला असेल तर? ‘हुद्दा’ आणि ‘आडनाव’ हे दोन वेगळे कॉलम ठेवले नाहीत तर हा सगळा बदल तुमच्या टेबलात दिसणारच नाही. वंशपरंपरेची जागा जाऊन नेमणुकीची जागा आली, ही गावपातळीवरची केवढी मोठी कायदेशीर उलथापालथ! ती दिसेल की नाही हे एका कॉलमवर अवलंबून.

दुसरी गोची, दत्तक. खुद्द महाराजच बघा. जन्म १८७४, नाव यशवंतराव, वडील कागलचे जयसिंगराव घाटगे. १८८४ मध्ये आनंदीबाईसाहेबांनी दत्तक घेतलं आणि यशवंतराव घाटगे झाले शाहू छत्रपती भोसले. नाव बदललं, वडील बदलले, घराणं बदललं. माणूस तोच. शिवाय सातारच्या गादीवर आधी एक शाहू छत्रपती होऊन गेलेले आहेतच. नाव प्रायमरी की म्हणून वापरलं तर इथे एका माणसाच्या दोन ओळी होणार आणि दोन माणसांची एक! म्हणून असे डेटाबेस करणारे जाणते लोक ‘माणूस’ आणि ‘कागदातला उल्लेख’ अशी दोन टेबलं ठेवतात. कागद काय म्हणतो ते जसंच्या तसं एका टेबलात. तो कोणता माणूस असावा हा आपला तर्क दुसऱ्यात, कारणासकट. उद्या दुसरा कुणी आला तर तर्क बदलेल, कागद बदलणार नाही.

तिसरी गोची मात्र तांत्रिक नाही. ती ‘वर्ग’ नावाच्या कॉलमची आहे. १९०२ च्या हुकुमात मागासलेले कोण, याची व्याख्या वजाबाकीने केली होती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. त्या काळात हे धाडसाचंच होतं. पण या ‘बाकी सगळे’ मध्ये मोठ्या वतनदार घरातला मराठाही आला आणि गावकुसाबाहेरचा महारही आला. पत्रकात दोघांची बेरीज एकच. पन्नास टक्के भरले, पण त्यात महार-मांग-चांभार किती, हे बेरजेतून कळणार नाही. त्यासाठी ओळी पुन्हा सुट्ट्या कराव्या लागतात.

महाराजांना हे कळत होतं असं त्यांच्या पुढच्या पावलांवरून दिसतं. मिस क्लार्क बोर्डिंग, १९१८ मध्ये महार वतनाच्या वेठीतून सुटका, मार्च १९२० ची माणगावची परिषद, जिथे त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांना लोकांपुढे पुढारी म्हणून उभं केलं. आणि त्याच सुमारास अस्पृश्य समाजातल्या काही शिकलेल्या माणसांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. कोर्टात आजवर फक्त वादी, प्रतिवादी किंवा आरोपी म्हणून उभ्या राहिलेल्या समाजातला माणूस काळा कोट घालून बोलायला उभा राहिला. संख्या मूठभर. पण टेबलात शून्याचा एक होतो तेव्हा टक्केवारीला काही अर्थ नसतो, त्या एकाला असतो.

आणि ज्यांच्या ओळीच नाहीत त्यांचं काय? बायका. १९१७ ते १९२० या काळात कोल्हापुरात विधवाविवाह, आंतरजातीय विवाह, स्त्रियांचा छळ यांवर कायदे झाले. सगळे बायकांच्या आयुष्याबद्दल. पण ते करणाऱ्यांत, चालवणाऱ्यांत, वकिलांत एकही बाई नाही. भारतात स्त्रियांना वकिली करता यावी म्हणून कायदा झाला तोच १९२३ मध्ये. नुसत्या अधिकाऱ्यांचं टेबल केलं तर अर्धा समाज गायब. म्हणून अर्जदार, वारस, नोंदणी करणाऱ्या जोडप्यांचंही टेबल हवं.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगतो, नाहीतर आकडे मिळाले की आपण उड्या मारतो. गट कळला म्हणजे माणूस कळला असं नाही. १९०२ च्या हुकुमाने ज्या प्रभूंना वगळलं त्याच समाजातले रघुनाथराव सबनीस महाराजांचे दिवाण होते, आणि महाराजांच्या कारभाराचा गाडा वर्षानुवर्षं त्यांनीच ओढला. न्यायमूर्ती रानडे, ज्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं आणि जे १८६० च्या दशकात काही काळ इथे न्यायाधीशही होते, ते चित्पावन. पण जातीवरून त्यांची मतं काढायला गेलात तर फसाल. तक्ता दार कुणासाठी उघडं होतं ते सांगतो. आत आलेला माणूस काय करेल ते सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवल्या तरच हा खेळ प्रामाणिक राहतो.

हा सगळा जुना इतिहास झाला असं वाटत असेल तर आजचं बघा. उच्च न्यायालयासाठी शिफारस झालेल्या उमेदवारांनी आपली सामाजिक पार्श्वभूमी ठराविक नमुन्यात भरून द्यायची, हे २०१८ पासून सुरू झालं. २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की २०१८ पासून नेमलेल्या ७१५ न्यायमूर्तींपैकी २२ अनुसूचित जातींचे, १६ अनुसूचित जमातींचे आणि ८९ इतर मागासवर्गीय. आकड्यांवर तुमचं मत काहीही असो, पण हे बोलता येतंय ते तो नमुना भरून घेतला म्हणून. करवीरच्या खातेप्रमुखांना जो हिशोब १९०२ मध्ये मागितला गेला तो देशाच्या उच्च न्यायालयांच्या बाबतीत मागायला ११६ वर्षं गेली.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी कितीतरी वर्षं आंदोलनं केली तेव्हा कुठे. आता चंदगडच्या माणसाला तारखेसाठी मुंबई गाठावी लागणार नाही. पण पन्नास वर्षांनी कुणी विचारेल, बेंच आल्यावर उभं कोण राहिलं? कुठल्या तालुक्यातले वकील, कुठल्या घरातल्या मुली, पहिल्या पिढीतले किती? कोर्टाच्या कॉम्प्युटरमध्ये केस नंबर, तारीख, वकिलाचं नाव सगळं असेल. पण गॅडबॉइसने न्यायमूर्तींना घरी जाऊन जे विचारलं, वडील काय करत होते, शाळेत कसे गेलात, ते कुठल्याच कॉलममध्ये नसेल.

म्हणून एक सांगतो. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांची वकिलीची सनद, तलाठ्याच्या नेमणुकीचा कागद, बोर्डिंगचा दाखला, मोडीतली एखादी वतनाची सनद पडून असेल तर तिचा नीट फोटो काढा. मागे चार ओळी लिहून ठेवा: हा कोण, कुठला, कुणाचा, हा कागद घरात कसा आला. आईला, आजीला विचारून आत्ताच लिहा, कारण ते सांगणारं माणूस कायम असत नाही. पुस्तकात ज्याचं नाव कधीच येणार नाही अशा माणसाची ती एक ओळ असते. शंभर घरांतून अशा शंभर ओळी आल्या तर कायदा आपल्या गल्लीपर्यंत कधी पोचला, हे आपलं आपल्याला मोजता येईल.

असो. बरंच लांबलं. भेटू पुढच्या वीकेंडला. :)